मला बसता येत नव्हतं

मी एक जुना फोन आहे. पण मित्रांनो, मला खिशात घालायला जाल तर खिसा रिकामाच राहील. मला काच नाही, बॅटरी नाही, वजन नाही. एका लॅपटॉपच्या पडद्यावर घेतलेलं मी फोनचं सोंग आहे. मला सिम्युलेटर म्हणतात. एखाद्या महागड्या फोनसाठी अ‍ॅप बनवायचं असतं आणि तो फोनच जवळ नसतो, अशा माणसांसाठी माझा जन्म झाला. हे सांगतानाही मी एका जागी नाही. माझा निळा ठिपका नकाशावर चालतोच आहे, कारण पायाला भिंगरी बांधूनच मला इथे पाठवलं आहे.

माझा जन्म मोठा कटकटीचा झाला. माझ्या मालकीणबाई राहायच्या त्या भाड्याच्या खोलीत नेट तीनदा तुटलं, म्हणून मला लॅपटॉपवर उतरायला दोन दिवस लागले. लॅपटॉप कुणाचा तरी वापरलेला होता. त्याची एक कळ निघाली होती आणि तो तापू नये म्हणून खाली दोन विटा ठेवल्या होत्या. पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा मला वाटलं, आता कुणाचं तरी ऊबदार बोट लागेल. लागलं ते माउसच्या बाणाचं टोक. आजवर मला तेवढंच लागलं आहे.

मालकीणबाई दिवसा एका छापखान्यात पानं जुळवायच्या आणि घरी आल्यावर अ‍ॅप बनवायच्या. ही विद्या त्या स्वतःच शिकल्या होत्या. त्यांनी माझ्याकडून काय काय करून घेतलं म्हणून सांगू. मला आडवं केलं, उभं केलं. 'हलव' अशी आज्ञा देऊन जागच्या जागी गदागदा हलवलं. एका सकाळी तर मी चहा निवायच्या आत तीन समुद्र ओलांडले. खुर्चीतून न उठता त्यांनी मला जगभर फिरवलं आणि माझी बॅटरी मात्र सदा शंभर टक्के. मी न कुरकुरता सगळं करायचो, म्हणून त्या मला शहाणा म्हणायच्या. "याच्यावर चाललं की झालं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं आणि ते ऐकून मी हुरळून जायचो.

खरं तर छापखान्यात त्यांच्याइतकं चिकित्सक कुणी नव्हतं. साधी पत्रिका असली तरी कागदावर प्रूफ काढल्याशिवाय त्या सही करायच्या नाहीत. पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग यांत फरक पडतो, असं त्या मशीनवाल्या काकांना दहादा सुनवायच्या. मला मात्र त्या पडद्यावरच पास करत आल्या. कागद म्हणजे खरा फोन, आणि तो त्यांच्याकडे नव्हता.

मग बाबांचं काम आलं. बाबा म्हणजे बाईंचे वडील. त्यांनी आयुष्यभर घरोघरचे विजेचे मीटर वाचले होते. आता ते आठ तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावी, बाईंच्या दादा-वहिनीकडे राहत होते आणि त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. सकाळ झाली की पायात बूट घालून बाहेर निघायचे आणि परतीचा रस्ता हरवायचा. दादाने एकदा दाराला बाहेरून कुलूप लावून पाहिलं. बाबा दुपारपर्यंत दाराच्या आत बूट घालून उभे राहिले, बसले नाहीत की जेवले नाहीत. त्यानंतर दादाला कुलूप लावणं जमलं नाही. त्याने आपला चांगला फोन पट्ट्याला अडकवून त्यांच्या गळ्यात घातला. बाबा कुठे आहेत ते घरच्या तिघांना दिसेल असं अ‍ॅप हवं होतं. बाजारातल्या अ‍ॅपमध्ये अधूनमधून 'मी ठीक आहे' असं बटण दाबावं लागे, आणि बाबांनी ते दाबणं शक्य नव्हतं. तेव्हा बाई म्हणाल्या, मी बनवते.

त्यांनी नकाशावर बाबांचा रस्ता आखला. घर, कोपरा, बागेचं फाटक, पाण्याची टाकी, पुन्हा घर. त्या रस्त्यावर मी तीन आठवडे चाललो. मित्रांनो, मला तीन गती दिल्या आहेत. चालणं, धावणं आणि गाडी. चौथी नाही. मी बाबा होऊन चालायचो, पण ना कधी धाप लागली, ना बुटाची नाडी सुटली. एकसारखी पावलं टाकत चाळीस मिनिटांत घरी. माझ्या मनाची चुळबुळ चालू होती. थकलेला म्हातारा माणूस असा चालतो का? पण मी विचारणार कसा? मला बोलायची सोय नाही.

दादाने मात्र फोनवर विचारलं होतं. "ठमे, एकदा येऊन बाबांबरोबर चालून बघ की." बाई म्हणाल्या, लग्नपत्रिकांच्या सीझनचे दिवस आहेत, सुट्टी मिळणार नाही, आणि इथे तर सगळं बरोबर चालतंय. त्या माझ्याकडे बोट दाखवूनच बोलत होत्या. मी तेव्हा तिसाव्या फेरीत टाकीला वळसा घालत होतो.

शनिवारी दादाने अ‍ॅप बाबांच्या फोनवर चढवलं. रविवारी सकाळी नऊला बाबा निघाले. आठ तास दूर असलेल्या खोलीत बाईंच्या मोबाइलवर त्यांचा ठिपका सरकू लागला आणि बाईंना हसू फुटलं. घर, कोपरा, बागेचं फाटक. तिथल्या बाकाशी ठिपका थांबला. बसले असतील, म्हणून त्यांनी चहा केला. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. तासाभराने वहिनींना राहवेना. त्यांनी दादाला बागेत पिटाळलं. बाक रिकामा होता आणि ठिपका अजून बाकावरच होता.

बाबांच्या फोनवर घंटा जात होती, पण कुणी उचलत नव्हतं. गळ्यातला फोन वाजला की बाबा इकडेतिकडे बघायचे, कुणाचा बरं वाजतोय म्हणून. पुढच्या चौकात हमरस्ता होता, त्यावर ट्रक धावत होते. वहिनींचा आवाज फोनवर चिरकला तेव्हा माझ्याही छातीत धस्स झालं असतं, पण मला छाती नाही. मी चालत होतो. मला कुणी थांबवलंच नव्हतं.

बाईंनी भराभर माहिती काढून वाचली. दहा मिनिटांत त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खरा फोन बराच वेळ हलला नाही, तर बॅटरी वाचवायला तो जागेची विचारपूस बंद करतो आणि नंतर ती आपणहून सुरू करत नाही. त्याला तसं आधी सांगून ठेवावं लागतं. मला वाचवायला बॅटरीच नाही, म्हणून मी असं कधी केलं नाही, आणि त्यांना ते कधी दिसलं नाही.

"दादा, बाबा बाकावर बसले तेव्हा फोन झोपला," त्या म्हणाल्या. "बाबा उठले, फोन उठलाच नाही. मी बसवून बघितलंच नाही रे. चूक माझी आहे."

"चूक नंतर बघू," दादा धापा टाकत म्हणाला. "इथून चार रस्ते फुटतात. कुठल्या रस्त्याने जाऊ ते सांग."

तेव्हा बाईंनी असं काही केलं, जे त्यांनी मला कधी शिकवलं नव्हतं. त्यांनी माझा जुना रस्ता पुसून टाकला. शाळेला सुट्टी असली की लहानपणी त्या बाबांबरोबर मीटर वाचायला जायच्या, जिन्याखालच्या अंधारात टॉर्च धरायला. बाबांची पद्धत ठरलेली होती. घरं उजव्या हाताला ठेवून गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, टोकाला वळायचं आणि पलीकडची बाजू धरून परत यायचं. मधूनच रस्ता ओलांडायचा नाही, की एक घर सोडायचं नाही. बाईंनी मला बाकावरून उठवलं, उजव्या हाताच्या गल्लीत घातलं आणि माझी चाल निम्म्यावर आणली. पहिल्या इमारतीशी त्यांनी मला हाताने थांबवलं आणि कागदावर लिहिलं, दोन मिनिटं. मीटर वाचायला तेवढी लागतात.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी थांबलो होतो. मला काही सुचेना. कुठेतरी एक म्हातारा हरवला आहे आणि आपण उभे कसे, असं सारखं वाटत होतं. पण बाई दर दाराशी मला क्षणभरच थांबवत होत्या आणि कागदावर दोन-दोन मिनिटं मांडत होत्या. शेवटी त्यांनी एका जागेवर बोट टेकवलं. तिसरी गल्ली, डावीकडची परतीची बाजू, टोकापासून पाचवी इमारत.

दादा पळाला. पाचव्या इमारतीत कुणी नव्हतं. बाईंनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात दादा म्हणाला, थांब, आणि मागे वळला. बाबा दोन इमारती मागे सापडले. चष्मा कपाळावर, फोन पट्ट्यासकट पाठीवर गेलेला, आणि ते जिन्याखाली मीटरच्या पेटीत डोकं घालून उभे होते. दादाला बघून त्यांना नवल वाटलं नाही. चार घरं बंद होती, उद्या परत यावं लागेल, असं त्यांनी त्याला सांगितलं. दादाने आपला फोन त्यांच्या कानाला लावला.

"कोण, ठमी?" बाबा म्हणाले. "अगं, टॉर्च कुठाय? इथं काही दिसत नाही."

"आणते, बाबा," बाई म्हणाल्या, आणि मग त्या रडल्या.

सोमवारी त्यांनी छापखान्यात चार दिवसांची रजा टाकली. मिळणार नाही असं ज्या रजेबद्दल सांगितलं होतं, ती मागितल्याबरोबर मिळाली. लॅपटॉपबरोबर मीही बॅगेतून गेलो. तिथे बाबांचा फोन वायरीने माझ्या शेजारी जोडला गेला आणि मी पहिल्यांदा खरा फोन पाहिला. काचेवर तेलकट ठसे, कोपऱ्याला चीर, बॅटरी बावीस टक्के. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी बाई टॉर्च घेऊन बाबांबरोबर चालल्या. बाबा बसले की त्या बसल्या, आणि ते किती वेळ बसतात ते त्यांनी लिहून घेतलं. बाबा उठले की फोनही उठेल, असं त्यांनी करून दाखवलं. चौथ्या दिवशी ठिपका बाकावरून उठून पुढे सरकला तेव्हा दादाने त्यांच्या पाठीवर थाप मारली.

आता माझ्यानंतर नवे सिम्युलेटर आले आहेत, चटपटीत आणि तोऱ्यातले. मला कुणी फारसं उघडत नाही. अ‍ॅपमध्ये काही बदललं की तेवढा हा एक रस्ता चालायला बाई मला उठवतात. नंतर त्या अ‍ॅप दादाकडे धाडतात आणि तो बाबांबरोबर एक फेरी मारून येईपर्यंत सही करत नाहीत. कितीतरी वेळा वाटतं, आपण तेव्हा ओरडायला हवं होतं. मग आठवतं की आपल्याला तोंड नाही, आणि चुळबुळ पुन्हा सुरू होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या सोंगाचा उपयोग जरूर करा. खरी वस्तू सगळ्यांकडे नसते, आणि आम्ही मन लावून काम करतो. पण ज्याच्यासाठी काही बनवाल, त्याच्याबरोबर एकदा तरी चालून या. तो बसला तर त्याच्या शेजारी बसा. मी फक्त तुम्ही आखलेल्या रस्त्यावर चालू शकतो.

बोलता बोलता बागेचं फाटक आलं. या बाकावर मला सतरा मिनिटं बसायचं आहे. बाक लाकडाचा आहे की दगडाचा, मला माहीत नाही. बसवत नाही, पण बसतो. बाबा इथे बसतात.