मूळ पाहा

औषधी वनस्पतींच्या पुस्तकाचं पहिलं प्रूफ, पान एकतीस. वांग्याच्या कुळातलं रानटी झुडूप; जांभळी फुलं, पिवळी फळं, सगळंच विषारी, हे मात्र पानावर नव्हतं. ‘पानांचा लेप सुजेवर लावावा. भाग उकळून पि ये.’

हस्तलिखितावर तिथे शाईचा डाग पडला होता. प्रूफं तपासणारीने ओळीभोवती गोल केला आणि समासात लिहिलं : मूळ पाहा.

म्हणजे मूळ प्रत पाहा. ‘प्रत’ ती लिहीत नसे. बावीस वर्षांत असे बरेच शब्द तिने वाचवले होते.

दुसरं प्रूफ : ‘मूळ उकळून प्यावे.’

समासात मूळ, ओळीत मूळ. तिने बरोबरची खूण केली. हस्तलिखित कपाटात होतं आणि कपाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

छापील प्रत तिने घरी नेली, गुडघे धरलेल्या आत्यासाठी. ते झुडूप घराच्या मागच्या भिंतीलाच होतं.

“किती प्यायलीस?”

“दोन घोट. कडूजहर आहे गं!”

“कशाला प्यायलीस पण?”

“छापलंय की. तेही तू तपासलेलं. आणि ही भिंत अशी का हलतेय?”

रिक्षा. आत्या ओकली, दोनदा. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पुस्तकात नेमकं काय लिहिलंय? बाहेरच्या बाकावरून तिने छापखान्यातल्या जुळाऱ्याला फोन लावला. अक्षरांचे खिळे जाऊन संगणक आला तरी सगळे त्याला जुळारीच म्हणत.

“एकतीसचं हस्तलिखित काढ. उजेडात धर.”

कपाटाचं दार वाजलं. मग त्याने वाचलं, “कोणताही भाग उकळून पिऊ नये.”

“मी लिहिलं होतं ना, मूळ पाहा?”

“पाहिलं की, ताई. घातलंसुद्धा. ‘भाग’ काढून ‘मूळ’ घातलं, पुढचं जुळवून घेतलं. तुम्ही खूण केलीत.”

ती आत गेली. आत्याच्या हाताला सलाइन होतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. डॉक्टर म्हणाले, उद्या दुपारपर्यंत काही सांगता येणार नाही.

आत्या नर्सला सांगत होती, “पुस्तकात चूक नसणार. आमची भाची तपासते. मीच जास्त उकळलं असेल.”

“आत्या, चूक माझी आहे.”

“हळू बोल. तुझं कौतुक करून बसलेय मी इथे.”

नर्सने केसपेपरवर कारण लिहायला पेन काढलं होतं. भाचीने एकेक शब्द सांगितला : झुडपाचं मूळ, छापील पुस्तकातल्या चुकीमुळे, चूक तपासनिसाची. मग कागद मागून घेतला आणि बोट ठेवून वाचला.