पहिली बास्केट होईपर्यंत

मी एक जुनी फळी आहे. अमेरिकेतल्या आयोवात मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या एका लहानशा कॉलेजच्या व्यायामशाळेत, प्रेक्षकांसाठी पायऱ्यापायऱ्यांची बाके आहेत, त्यांतल्या तिसऱ्या रांगेतली. मित्रांनो, माझे काम फार मोठे नाही. दमलेल्या माणसाने टेकावे आणि मी त्याला धरावे, इतकेच.

माझे झाड पश्चिमेकडच्या डोंगरात वाढले. तिथून ओंडका मालगाडीने आला, करवतीखाली गेला, रंध्याखाली गेला. सुताराने माझ्या कडा हाताने गोल केल्या, कोणा बाईच्या मोज्याचा धागा अडकू नये म्हणून. वर वार्निशचे हात दिले. मी इथे बसवले गेले त्या दिवशी तेव्हाच्या पाद्रीबुवांनी हॉलमध्ये उभे राहून प्रार्थना म्हटली. लाकडाला कान नसतात असे लोकांना वाटते, पण मला तो आवाज अजून आठवतो.

आमच्या कॉलेजात एक रीत आहे. बास्केटबॉलचा सामना सुरू झाला की सगळे प्रेक्षक उभे राहतात आणि आपल्या मुलांची पहिली बास्केट होईपर्यंत कोणी बसत नाही. ही रीत कोणी घातली ते आता कोणालाच ठाऊक नाही. चेंडू जाळीतून खाली आला की टाळ्या होतात आणि सगळी माणसे एकदम टेकतात. कोट, मफलर, पोटऱ्या, म्हातारपण, सगळे भार एका दमात अंगावर येतात. त्या क्षणासाठी मी जगत आले. माझ्या उमेदीच्या वर्षांत दारात माणसे मावत नसत. गावातला न्हावी दुकान बंद करून येई. मुले जिंकली की पोरेसोरे माझ्यावर नाचत आणि सकाळी झाडणारा बाबा मला ओल्या फडक्याने पुसताना म्हणे, "चांगली टिकलीस गं." एवढे कौतुक मला पुष्कळ झाले.

लव्हॉन हेल्गेसन कॉलेजच्या पहिल्या वर्षात होती तेव्हापासून मी तिला ओळखते. ती माझ्या डाव्या टोकाशी बसे. पुढे तिने ऑर्व्हिलशी लग्न केले, तोही तिच्या शेजारी येऊन बसू लागला. तिचे काही नेम होते आणि ते ती कोणाला दाखवत नसे. सकाळी कॉफीच्या आधी बायबलचा एक अध्याय. जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार. आणि आपल्या हॉलमध्ये होणारा प्रत्येक सामना, पहिली बास्केट होईपर्यंत उभ्याने. पोटात बाळ असताना ती उभी राहिली. आई गेली त्या आठवड्यात राहिली. इतक्या वर्षांत एकदाही आधी टेकली नाही. तिचा भार मी न पाहताही ओळखते. ती हळूच टेके, जणू मलाच दुखेल.

मग दिवस पालटले. कॉलेजात मुले कमी होत गेली. समोरची बाके भिंतीशी ढकलली गेली ती पुन्हा ओढलीच नाहीत. माझे वार्निश सुटले, पोटाखाली च्युइंगगमच्या गाठी वाळल्या, एक चीर पडली. ओल्या फडक्याचा बाबा गेला आणि त्याच्या जागी कोणी आले नाही. गेल्या वसंतात विश्वस्तांनी जाहीर केले की येते वर्ष कॉलेजचे शेवटचे. ते कळताच चांगली खेळणारी मुले दुसऱ्या कॉलेजांत निघून गेली. उरलेल्यांतून कोचने कसाबसा संघ उभा केला. सर्वांत उंच म्हणून मधल्या जागी घेतला तो कोल्बी. तो खरे तर गायनवृंदात खालच्या पट्टीत गाणारा मुलगा. चेंडू हातात आला की तो जरा दचकतच असे.

हंगामाचे पहिले सामने नोव्हेंबरात असतात. त्या दिवसांत मक्याची कापणी संपलेली नसते, दाणे वाळवणारी यंत्रे दिवसभर घुमत असतात. त्यामुळे महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी हॉलमध्ये येतात ती फक्त नेहमीची माणसे, पाद्रीबुवांसकट. त्यांत मर्ल होता. त्याने गावात जन्मभर टपाल वाटले आणि निवृत्त झाल्यापासून तो सगळ्यांना चेष्टा वाटतो.

पहिल्या सामन्यात आमच्या मुलांची बास्केट काही होईना. सगळे उभेच.

"ऑर्व्हिल, जेवण बांधून आणायला हवं होतं," मर्ल म्हणाला. "आज काही आपण बसत नाही."

"तुला कोणी धरून ठेवलंय? बस की."

"बसलो तर चर्चच्या जेवणात ही लव्हॉन मला कॉफी द्यायची नाही."

"देईन ना," लव्हॉन म्हणाली. "कालची देईन."

आजूबाजूचे हसले. पण तिने ऑर्व्हिलची बाही घट्ट धरली होती आणि अंग त्याच्यावर टाकले होते. तिचे हृदय कमजोर झाले होते. शहरातल्या डॉक्टरांनी फार वेळ उभे राहायचे नाही असे बजावले होते. शेवटी एक चेंडू रिंगवर नाचत नाचत आत पडला आणि ती टेकली. ती धापा टाकत होती.

"डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना?" ऑर्व्हिलने खालच्या आवाजात विचारले.

"फार वेळ उभं राहू नको म्हणाले. मुलांनाच फार वेळ लागतो, त्यात माझा काय दोष?" मग ती थोडी थांबली. "शेवटचं वर्ष आहे, ऑर्व्हिल. एवढं पार पडू दे. मग मी घरी बसेन, तू म्हणशील तितकं."

दुसऱ्या सामन्यात तिचे ओठ निळसर झाले. बास्केट झाली तेव्हा ती बसली नाही, कोसळलीच. मी धरली. एखाद्या फळीला जितके धरता येते तितके.

मधल्या सुटीत ती हात धुवायला गेली. मर्ल चिलीचा, म्हणजे मांस-राजम्याच्या तिखट रश्श्याचा, कागदी वाडगा आणि दालचिनीचा गोड रोल घेऊन आला आणि ऑर्व्हिलशेजारी बसला. ऑर्व्हिलने त्याच्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"तिला रिंग दिसत नाही, मर्ल. डोळ्यांच्या मधोमध धुकं धरलंय. लोक टाळ्या वाजवतात, तेव्हा ती बसते."

"मग?"

"लोकांनी जरा आधी टाळ्या वाजवल्या तर."

मर्लने चमचा वाडग्यात ठेवला. "तू चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतोस, ऑर्व्हिल. आणि लबाडी सुचवतोस?"

"मी काय फिरवतो ते मला माहीत आहे. तिला पुरायची माझी तयारी नाही, एवढंच सांगतो."

 पुढच्या सामन्याला मर्ल लवकर येऊन दाराशी उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येकाच्या घरची पत्रे त्याने वाहिली होती, त्याला कोण नाही म्हणणार? कुजबुज झाली, माना हलल्या. प्रत्येकाला वाटले आपल्या हातून एक पुण्य घडते आहे. मलाही वाटले. खोटे कशाला सांगू? तिने लवकर टेकावे असे मला कोणाहून जास्त वाटत होते.

तो थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार होता. मिनेसोटाकडचा उंचापुरा संघ आला होता. त्यांच्या बास्केटमागून बास्केट होत गेल्या, आमची पाटी कोरी. लव्हॉनचा श्वास मला ऐकू येऊ लागला. ऑर्व्हिलने मर्लकडे पाहिले. नेमका त्याच वेळी कोल्बीने चेंडू फेकला. तो रिंगला लागला नाही, रिंगमागच्या फलकाला लागला नाही, सरळ पलीकडे भिंतीवर जाऊन आपटला. आणि मर्लने टाळी वाजवली.

मग सगळ्यांनी वाजवली. सगळे टेकले. "शाब्बास रे पोरांनो," लव्हॉन म्हणाली. सगळ्यांत जोरात टाळ्या तिच्याच होत्या. मग ती हळूच बसली, आणि तिच्या मनावरचा भार उतरला तो मला कळला. तरी मला सुख झाले नाही. समोरच्या संघातली दोन मुले तोंड लपवून हसत होती. कोल्बी मैदानाच्या मधोमध उभा राहून वर आमच्याकडे पाहत होता. तो हसला असता तर बरे झाले असते.

मुले हरली. किती फरकाने, ते कोणी बोलले नाही.

सामन्यानंतर खेळाडू बाकांसमोरून जातात आणि थांबलेल्या माणसांशी हात मिळवतात. तीही इथली रीत. कोल्बी सगळ्यांत शेवटी आला आणि लव्हॉनसमोर थांबला. ती दर सामन्याला त्याच्या गाण्याची चौकशी करत असे.

"मिसेस हेल्गेसन, एक विचारू? राग मानू नका."

"विचार की."

"मी तो चेंडू भिंतीवर मारला, तेव्हा लोक हसले असते तर मला काही वाटलं नसतं. मला येत नाही खेळायला, ठाऊक आहे मला. पण टाळ्या कशाला वाजवल्या? तुम्हीसुद्धा?"

"बास्केट झाली होती ना?"

कोल्बीने तिच्या डोळ्यांकडे पाहिले. मग ऑर्व्हिलकडे. "नाही," तो हळू बोलला. "आमची पहिली बास्केट त्यानंतर पुष्कळ वेळाने झाली. मीच केली. तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. सगळे गप्प बसून होते."

हे ऑर्व्हिलच्या ध्यानातच आले नव्हते. मर्लच्याही नाही. एकदा खोटी टाळी वाजवल्यावर खरीला वाजवणार कशी? तिला कळले असते.

लव्हॉनने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "मला दिसत नाही रे, बाळा. माझी चूक झाली." नवऱ्याचे नाव तिने घेतले नाही. पोरगा मान हलवून गेला.

हॉल रिकामा झाला तरी ती दोघे बसून होती.

"किती जणांना माहीत होतं?" तिने विचारले.

"सगळ्यांना."

"पाद्रीबुवांना?"

"त्यांनीही वाजवली."

"माझे पाय सांभाळायला एवढी माणसं," ती म्हणाली, "आणि त्या पोराच्या बाजूने एकसुद्धा नाही." मग ती उठली. माझ्यावरचा तो भार गेला तो पुन्हा आला नाही.

पुढचा सामना डिसेंबरात झाला. बाहेर बर्फ होते. ऑर्व्हिल एकटाच आला, हातात झाकणाचा डबा.

"बरी आहे ना ती?" मर्लने विचारले.

"बरी आहे. घरी आहे. हे रोल मुलांसाठी दिलेत."

"अजून रागावलीय?"

"रागावली असती तर बरं होतं. सकाळी कॉफी करते, अध्याय वाचते, माझ्यासाठीसुद्धा प्रार्थना करते. मी ऐकतो शेजारच्या खोलीतून."

"मग चल म्हणावं की. या वेळी कोणी काही करणार नाही, मी शपथ घेतो."

"म्हणालो मी. शंभरदा म्हणालो. ती म्हणते, देवाला मी उभं राहणं दिलं होतं, आणि त्यापायी एका पोराची जाहीर थट्टा झाली. असला नेम देवाला नको. सोडला म्हणते." ऑर्व्हिलने डबा माझ्यावर ठेवला. "तिचा नेम मोडू नये म्हणूनच मी ते केलं होतं, मर्ल."

मर्लने डबा उचलून मुलांच्या बाकाकडे नेला.

सामना सुरू झाला. सगळे उभे राहिले. चेंडू वर उडाला, कोल्बीच्या हाती आला, तो वळला, त्याने फेकला आणि चेंडू सरळ जाळीतून खाली उतरला. माणसे धड उभीही राहिली नव्हती. तिला दोन श्वासांपुरते उभे राहावे लागले असते.

कोणी टाळी वाजवली नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातांकडे पाहत होता. मग ऑर्व्हिलने एकट्याने वाजवली, थोडी, आणि मग इतरांनी. कोल्बी वर न पाहता पळत परत गेला. त्याने आमच्याकडे बघणेच सोडून दिले होते. ऑर्व्हिल बसला. शेजारी त्याने तिच्याएवढी जागा ठेवली होती. खेळ चालू होता आणि तो त्या जागेवरची माझी चीर बोटाने चाचपत होता.

मित्रांनो, वसंतात हा हॉल बंद होईल. आतली ऊब बंद झाली की मी वाकेन, मग फुटेन. मला वाचवा असे मी म्हणणार नाही. वाचवण्यासारखे आता फार काही उरलेले नाही आणि लाकडाने हट्ट करू नये. पण तुमच्या घरी कोणी म्हातारे माणूस असेल, त्याचा एखादा नेम असेल, तर त्याची काळजी त्याला विचारून घ्या. ते उभे राहीन म्हणाले तर शेजारी उभे राहा, कोपराला हात द्या, पडले तर धरा. त्यांना फसवून बसवू नका. प्रेमापोटीसुद्धा नको.

हंगामातले बरेच सामने अजून व्हायचे आहेत. ऑर्व्हिल येतो. पहिली बास्केट होते, लोक टेकतात, आणि माझे डावे टोक हलके ते हलकेच राहते.