दुसऱ्या गाण्यातलं रडणं

देवाकडे लव्हॉनचं मागणं फार मोठं नव्हतं. आठवड्यातून एक तास तिला दोन हात हवे होते.

कर्ट झाल्यापासून तिचा डावा हात कर्टचा झाला होता. उरलेल्या उजव्या हातानं ती अंडी गोळा करायची, रश्श्यात डाव फिरवायची, दातांत चिमटे धरून नवऱ्याचे सदरे दोरीवर वाळत घालायची. एका हातानं जवळजवळ सगळा संसार होतो, हे तिला कळून चुकलं होतं. गिटार तेवढी वाजत नाही. लग्नाआधी सेंट क्लाउडला शिकताना घेतलेली तिची गिटार पलंगामागे उभी होती आणि तिच्या पोटात एका कोळ्यानं बिऱ्हाड थाटलं होतं.

अशात गावच्या चर्चचे फादर ओवेन उन्हाळी शिबिराहून परतले. जाताना काळे बूट घालून गेले होते, येताना पायांत सँडल. शिकागोत म्हणे तरुण पोरं मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, गिटारवर गातात. साध्या, गावाकडच्या चालींची गाणी, कुणाच्याही तोंडात बसतील अशी. लोक डोलतात, हसतात.

"लव्हॉन, तुला वाजवता येतं म्हणे?"

"यायचं, फादर."

"मग दर रविवारी नऊची मिस्सा तुझी आणि गिटारची!"

लव्हॉन त्या दिवशी घरी चालत आली नाही, तरंगत आली. कोळ्याला तिनं मानानं बाहेर नेऊन सोडलं.

सासूबाईंना, म्हणजे ऑटिलियाबाईंना, हे काही रुचलं नाही. चर्चच्या माडीवरचा ऑर्गन त्या लव्हॉनचा नवरा लिरॉय पोटात असल्यापासून वाजवत आल्या होत्या.

"गिटार कोठारातल्या नाचाला ठीक आहे. देवाच्या घरात?"

"फादरनी सांगितलंय, आई."

"फादरनी सांगितलं ना? मग वाजव. मी काही बोलले का?"

अख्खं गावच असं होतं. अमेरिकेत येऊन पिढ्या झालेले जर्मन शेतकरी, वरून सांगितलं की संपलं. वेदी लोकांकडे तोंड करून फिरवा म्हटलं, फिरवली. प्रार्थनेतली लॅटिन बंद म्हटलं, बंद. शुक्रवारी मांस खायला आता हरकत नाही, असं बिशपांनी कळवलं तेव्हा अलॉइसकाकांनी त्याचा अर्थ खाल्लंच पाहिजे असा लावला. बिचाऱ्यांना शुक्रवारचा मासा फार आवडायचा. तरी दर शुक्रवारी सुतकी चेहऱ्यानं सॉसेज खायचे.

प्रश्न कर्टचा होता. मिस्सेत त्याला धरणार कोण?

"मी वर ऑर्गनपाशीच बसणार," ऑटिलियाबाई म्हणाल्या. "तुझी तार तुटली तर मिस्सा काय तशीच लोंबकळत ठेवायची?"

"लिरॉय, तू?"

"मी?" लिरॉयनं असं पाहिलं, जणू तिनं त्याला आपला परकर नेसून यायला सांगितलं होतं. "मागं पुरुषांत? बाळ घेऊन?"

चर्चमध्ये पुरुष दाराजवळ घोळका करून थांबायचे, टोपीवर एक गुडघा टेकून. त्या घोळक्यात आजवर बाळ शिरलं नव्हतं. शेवटी कर्टला कपड्यांच्या टोपलीत घालून लव्हॉननं ती वेदीच्या पायरीवर, आपल्या पायाशी ठेवली.

पहिल्या रविवारी फादर ओवेन हात पसरून म्हणाले, "मंडळी, गाणं ऐकून आनंद वाटला तर टाळ्या वाजवा!"

अलॉइसकाकांनी हात वर केला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते स्वतः ओरडूनच बोलायचे. "कितव्या ओळीला, फादर?"

"तसं काही नाही हो, काका. मनात येईल तेव्हा."

गावाला घाम फुटला. नियम असता तर पाळला असता, हे मनातलं काय काढलं आता? पहिलं गाणं झालं आणि साऱ्या गावानं मिळून एकच टाळी वाजवली. गोठ्याचं दार आपटावं तशी. मग सगळे पुढच्या सूचनेची वाट बघत बसले.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर कर्टनं भोकाड पसरलं. लव्हॉननं चार ओळी रेटल्या, पण आईची बोटं ती, ऐकतात का? तिनं गिटार पायरीवर ठेवली, लेकाला उचललं आणि तो ज्या एकाच अंगाईला वश होता ती गुणगुणू लागली. सासूबाईंचीच होती ती, जुन्या देशातून, जर्मनीतून आलेली.

कोंबडी निजली, कोंबडा निजला,
दाराची कडी पण निजली गं…

पुढच्या बाकावरच्या श्मिटबाई बाळ नीट दिसावं म्हणून उभ्या राहिल्या. पुढचा बाक उठला की मागच्यानं उठायचं, हे त्या चर्चमध्ये जन्मतःच शिकवलेलं. सगळं गाव उभं राहिलं. बाळ शांत झालं, श्मिटबाई बसल्या, सगळं गाव बसलं. लव्हॉननं गाणं पुरं केलं.

तिला वाटलं, लाज गेली. पण चर्चबाहेर अलॉइसकाका तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "पोरी, नवी मिस्सा छान आहे. थोडी लांब आहे, पण बसेल अंगवळणी."

त्या शनिवारी पापनिवेदनाला ही भली मोठी रांग लागली. पडद्याआड सांगायची ती गोष्ट अलॉइसकाकांनी सगळ्या रांगेला सांगितली.

"फादर, मी टाळी वाजवली, पण मला आनंद झाला नव्हता! हे खोटं बोलण्यात मोडतं का?"

आतून फादरनी पडदा आणखी ओढून घेतला.

दुसऱ्या रविवारी कर्टला गाढ झोप लागली होती. लव्हॉनची बोटं आता कुठं मोकळी होत होती. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर श्मिटबाई उठल्या. गाव उठलं. सगळे गप्प उभे, नजरा टोपलीवर. लव्हॉन वाजवत राहिली. कुणी खोकलं. कुणी घड्याळाकडे पाहिलं. फादर ओवेन हातांनी "बसा, बसा" करत होते. तो आशीर्वाद समजून लोकांनी क्रूसाची खूण केली.

इतक्यात माडीच्या कठड्यावरून ऑटिलियाबाई वाकल्या. "अगं, रडव ना त्याला! लोक उभे आहेत!"

"आई, झोपलाय तो!"

"मग जागा कर! मिस्सा अडलीय!"

लव्हॉननं गिटार ठेवली आणि झोपलेल्या लेकाला उचललं. झोपमोड झाल्यावर रडायला त्याला कुणी शिकवायला नको होतं. गावानं समाधानाचा सुस्कारा सोडला, अंगाई झाली, सगळे बसले.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. लोकांनी अंगाई पाठ केली. कर्टला सर्दी झाली तेव्हा श्मिटबाई घरी येऊन त्याच्या छातीला हंसाची चरबी चोळून गेल्या आणि जाताना काळजीनं म्हणाल्या, "रविवारपर्यंत घसा सुटेल ना?"

फादर ओवेननी प्रवचनात हात जोडले. "मंडळी, बाळाचं रडणं हा मिस्सेचा भाग नाही!"

बाहेर पडताना अलॉइसकाका लिरॉयला कोपर मारून म्हणाले, "परीक्षा घेतायत आपली. आपण डगमगायचं नाही."

लव्हॉननं त्या दुपारी फादरना गाठलं. कर्ट काखेत होताच. "फादर, मला एकच तास मिळणार होता. आता त्या तासातही मी याला रडवते आणि गप्प करते. ते तर मी घरी फुकट करते."

"लव्हॉन, मला वाटलं होतं, लोक मोकळे होतील."

"हे लोक? फादर, तुम्ही मोकळे व्हा म्हणालात तर हे विचारतील, किती वाजता."

त्यातच शेजारच्या गावातून कुणीतरी वर कळवलं आणि बिशपांनी मॉन्सिन्यर क्लाइन या बड्या पाद्र्यांना पाहणीला धाडलं. उंच, वाळका माणूस. हसण्याचा कर भरावा लागतो असा चेहरा. त्यांना रुचलं नाही तर गिटार बंद, हे फादरनी लव्हॉनला आधीच सांगून ठेवलं. "एवढा रविवार सगळं साधं होऊ दे. तेवढं झालं की तू वाचलीस."

लव्हॉननं त्या सकाळी कर्टला इतकं पाजलं की तो टोपलीत दारू प्यायल्यासारखा पडला. घरोघरी जाऊन तिनं विनवण्या केल्या, "आज उठू नका हं, तो रडणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात ते गाव पटाईत होतं.

पहिलं गाणं सुरेख झालं. क्लाइनसाहेबांची टाचसुद्धा किंचित हलली, असं लव्हॉनला वाटलं. दुसरं गाणं मध्यावर आलं. श्मिटबाईंनी बाकाची कड घट्ट धरली. आणि उठल्या.

गाव उठलं. टोपलीत कर्ट घोरत होता. क्लाइनसाहेबांनी भुवया उंचावल्या. बिशपांचा माणूस समोर आणि मिस्सा अर्धवट! ही नामुष्की मागच्या घोळक्यातल्या एका माणसाला सोसवेना. अलॉइसकाकांनी टोपी छातीशी धरली, डोळे मिटले आणि कर्तव्यबुद्धीनं टाहो फोडला.

"ट्यॅहाँऽऽ!"

त्यांचा डुकरं हाकायचा आवाज होता तो, तीन शेतांपलीकडे जाणारा. मग त्यांचा भाऊ रडला. मग दाराजवळचे सगळे पुरुष एकेक करून रडू लागले. धिप्पाड, उन्हानं तांबडे झालेले, हातांना डिझेलचा वास असलेले. लिरॉयनं आधी जमिनीकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि तोही बारीक आवाजात सामील झाला. कर्ट जागा झाला. टोपलीची कड धरून त्यानं एवढी रडणारी माणसं पाहिली आणि खदखदून हसला.

लव्हॉनची बोटं तारांवर थिजली. आता ही माणसं अंगाईशिवाय थांबणार नाहीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं. कोंबडी निजली, ती गाऊ लागली. कोंबडा निजला. एकेक करून पुरुष शांत झाले, त्यांनी नाकं पुसली आणि गाव खाली बसलं.

चर्चच्या तळघरात नंतर कॉफी आणि केक होता. क्लाइनसाहेबांनी केकला हात लावला नाही. "हे… रुदन. हे कुणी सांगितलं?"

"तुम्हीच," ऑटिलियाबाई म्हणाल्या.

"मी?"

"तुम्ही, बिशपांनी, वरच्यांनी. आम्ही का मनचं करतोय? आमच्या मनात असतं तर अजून लॅटिन असतं."

क्लाइनसाहेबांनी फादर ओवेनकडे पाहिलं. फादर आपल्या सँडलकडे पाहत होते. शेवटी साहेब म्हणाले, "गिटार राहू द्या. ती मुलगी चांगलं वाजवते. पण रडणं बंद. कुणीही रडायचं नाही."

"हुकूम आहे का?" अलॉइसकाकांनी विचारलं.

"हुकूम आहे."

काकांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा खरा आनंद दिसला. "मग प्रश्नच मिटला!"

पुढच्या रविवारी कर्टला दात येत होता. दुसऱ्या गाण्याचीही त्यानं वाट पाहिली नाही, पहिल्याच ओळीला तो पेटला. श्मिटबाईंनी तोंडावर हात घेतला. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मनाई आहे ना!" आणि सगळ्या माना लव्हॉनकडे वळल्या.

म्हणजे संपलं, तिला वाटलं. बाळाला घेऊन घरी जायचं, गिटार पलंगामागे. तिनं खांद्यावरचा पट्टा उतरवायला हात वर नेला.

माडीच्या लाकडी जिन्यावर बूट वाजले. मिस्सा चालू असताना ऑटिलियाबाई ऑर्गन सोडून खाली आल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं. त्या मधल्या वाटेनं ताठ मानेनं आल्या, टोपलीवर वाकल्या आणि लाल झालेल्या नातवाला खांद्यावर टाकलं.

"मी याला बाहेर नेते."

"आई, पण ऑर्गन?"

"ऑर्गनला दात येत नाहीत. वाजव तू. आणि दुसरं कडवं जरा सावकाश घे, घाई करतेस तिथं. मी वरून दर रविवारी ऐकते."

दार उघडलं आणि मिटलं. रंगीत काचेतून मक्याच्या शेताच्या कडेनं येरझाऱ्या घालणारी एक सावली दिसत होती, आणि अजून रडणं ऐकू येत होतं, दूर दूर जाणारं. लव्हॉनचे दोन्ही हात मोकळे होते. डाव्या कुशीत मात्र थंडगार, रिकामं लागत होतं. तिनं गिटार जरा वर ओढून कमरेशी घट्ट धरली, पहिलं कडवं पुरं केलं आणि दुसरं सावकाश सुरू केलं.