डोंग्यातली जागा

आमच्या घरी डोंगा, म्हणजे अरुंद लाकडी होडी, एकच, आणि तलावातले शिंगाडे तोडायला त्यात दोघंच बसतात. मागचा बांबूनं डोंगा ढकलतो, पुढचीनं वाकून वेल उलटवायचा आणि शिंगाडे तोडायचे. ही पुढची जागा लग्न होऊन आल्यापासून बेबीबाईंची, मागची त्यांच्या यजमानांची. बेबीबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आणि त्यांच्यासारखा झपझप हात साकोली तालुक्यात कुणाचा नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

पण मागच्या हंगामात डोंग्यात पाणी शिरलं. दोघं छातीभर पाण्यात उभे, शिंगाडे तरंगतायत आणि काठावर सगळे खिदळतायत. जाऊबाईंचं अंग सुटलं होतं, खोटं कशाला बोलू? बाजारात दिवसभर मासळी घेऊन बसायचं, मधे आलुबोंडा, गोड चहा, घरी आल्यावर ताटभर भात. माझे भासरे सुखराम, म्हणजे त्यांचे यजमान, यांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की पुढच्या साली पुढं ज्योत्सना बसेल. ज्योत्सना म्हणजे मी, नुसती काडी. मला विचारलं कुणी? जाऊबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी उपास धरले. उपासानं डोकं फिरायचं आणि राग आमच्यावर निघायचा. बाजारात कुणी सांगितलं, जेवणाआधी पाणी प्या, तर तांब्यामागून तांब्या रिचवू लागल्या. तासाभरात पुन्हा मुरमुऱ्याच्या डब्यात हात.

पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि दोन-चार दिवस नुसत्या पेजेवर काढले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मूठभर तांदळाची पेज दुपारपर्यंत पोटाला धरून राहते. बरं वाटल्यावर त्यांनी मला एक दिवस त्याच मापाचा मोकळा भात करायला लावला आणि वर पेजेत घालतो तेवढंच पाणी प्याल्या. दुपारच्या आत भूक हजर! दुसऱ्या दिवशी पुन्हा पेज, तर भूक गायब.

"पाणी वेगळं पेलं का निघून जाते, ज्योत्सना," त्या म्हणाल्या. "अन्नात शिजवलं का पोटात बसून राह्यते."

कुणी न शिकवता हे शोधणाऱ्या बाईला मी मनातल्या मनात हात जोडले. मग सकाळी पेज, दुपारी लौकी नाहीतर दोडक्याची पातळ भाजी, डाळ आणि थोडासा भात. चहातली साखर गेली, आलुबोंडा गेला. भासरे हसायचे, आजाऱ्याचं जेवण म्हणायचे आणि जाऊबाईंच्या वाटणीचा भात आपल्या ताटात ओढून घ्यायचे. जाऊबाई ऐकून घ्यायच्या. त्यांच्या चोळ्या मात्र आम्ही दोनदा आत घेतल्या.

यंदा पहिल्या तोडीच्या दिवशी भासऱ्यांनी डोंग्यात मागं बसून मला हाक मारली. मी पदर खोचून निघाले, तोवर जाऊबाई पुढं जाऊन बसल्यासुद्धा. डोंगा खाली गेला, पाणी डोंग्याच्या काठाला लागलं. लोक हसायला लागले. जाऊबाईंचा चेहरा उतरला.

"मी सांगतच होतो," भासरे म्हणाले.

जाऊबाईंनी वळून बघितलं. पुढचं टोक चांगलं वर होतं. बुडत होतं ते मागचं.

"तुम्ही उतरून पाहा जरा," त्या शांतपणे म्हणाल्या.

भासरे उतरले आणि डोंगा वर आला. आता लोक कुणाला हसतायत हे सांगायला नको. जाऊबाईंनी मला बांबू घ्यायला सांगितलं.

तलावाच्या मधोमध त्यांचा हात असा चालू लागला की मी बघतच राहिले. डोंगा दोनदा भलतीकडे गेला तरी त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ पाठमोऱ्या तोडत राहिल्या.

"काठावरच बसून जीव जाइन, असं वाटे मले," त्या म्हणाल्या. हात थांबला नव्हता.

मी बांबू नीट धरला आणि डोंगा दाट वेलाकडे नेला.