मागच्या दाराची कडी

गोदामवाल्याला आपल्या गोदामाचा भारी अभिमान. दर्शनी भिंतीवर त्यानं हातभर अक्षरांत रंगवून घेतलं होतं : 'माल ठेवणाऱ्याच्या जबाबदारीवर.' म्हणजे भाडं घ्यायची जबाबदारी तेवढी याची, बाकीची गिऱ्हाइकाची. इतकी सोयीची वाटणी सख्ख्या भावांतही होत नसेल.

शिवणकामवाल्या ताईंनी कारखान्याचं छप्पर दुरुस्त होईपर्यंत सगळ्या शिलाई मशिनी त्याच्याकडे ठेवल्या. छप्पर झालं, त्या न्यायला आल्या, तर मागचं दार सताड उघडं आणि मशिनींच्या जागी नुसती धूळ. मशिनी नाहीत म्हणजे कारखाना नाही, हाताखालच्या बायकांना काम नाही.

गोदामवाल्यानं पाटीकडे बोट दाखवून काखा वर केल्या. मग ताई वकीलबाईंना घेऊन त्याच्या घरी आल्या.

"पाटी रंगवली म्हणून कायदा पुसला जात नाही," वकीलबाई म्हणाल्या. "शहाणा माणूस स्वतःच्या मालाला जेवढा जपतो, तेवढं दुसऱ्याच्या मालाला जपावं लागतं. जपलं नसेल, तर भरपाई तुमच्या गळ्यात."

भरपाई म्हणजे गोदामच विकायची पाळी. पण गोदामवाला तयारीत होता.

"अहो, डोळ्यांत तेल घालून जपलं! चोर काय मला विचारून येतात?"

"मागच्या दाराची कडी आधीपासूनच मोडली होती म्हणे. हा सरळ सरळ निष्काळजीपणा आहे."

चहा घेऊन आलेल्या बायकोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आमचे हे आणि निष्काळजी? काहीतरीच काय! कडी मोडली त्याच संध्याकाळी गोदामातलं आमचं कपाट, फ्रीज, माझ्या आईचा पलंग, सगळं टेम्पोत घालून घरी आणलं ह्यांनी. कमरेत उसण भरली बिचाऱ्यांच्या, पण पलंगाला ओरखडा येऊ दिला नाही. बघा हवं तर, आत आहे!"

गोदामवाला खाकरला, डोळे मोठे केले, टेबलाखालून पायही मारून पाहिला. तो वकीलबाईंना लागला. पण बायको आज नवऱ्याची बाजू घ्यायला निघाली होती. असा योग त्याच्या संसारात क्वचित यायचा, आणि आला तो नेमका आज.

वकीलबाई पलंग बघायला उठल्यासुद्धा नाहीत. त्यांनी निवांतपणे चहाचा घोट घेतला आणि साखर बेताची आहे म्हणून कौतुक केलं.

ताईंनी मात्र कपाला हात लावला नाही. त्या गोदामवाल्याकडे वळल्या.

"भाऊ, मला एक फोन केला असतात ना, तर मीही टेम्पो आणला असता."

बायकोच्या हातातला ट्रे तसाच राहिला. तिनं नवऱ्याकडे वळून पाहिलं.

"म्हणजे तुम्ही ह्यांना कळवलंच नाहीत?"

वकीलबाईंसाठी त्यानं ढीगभर उत्तरं पाठ करून ठेवली होती. बायकोसाठी एकही नव्हतं.