पोटातला दगड

काराकेत गावात त्या हिवाळ्यात पाऊस पडायचा आणि पडल्याजागी गोठायचा. अशाच एका सकाळी म्हातारा तेओतीम टपाल आणायला निघाला आणि दाराच्या पायरीवरून घसरला. खुब्याचं हाड मोडलं.

अॅम्ब्युलन्स येईपर्यंत जिस्लेन बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शेजारून तिची थोरली बहीण लुसेत धावत आली आणि आल्या आल्या कडाडली, "बर्फ वितळायला पायरीवर मीठ नाही टाकलं कुणी?"

"नोएमीला सांगितलं होतं मी," जिस्लेनच्या तोंडून निघून गेलं.

सांगितलं नव्हतं. "टाकते हं, पापा," असं म्हणून जिस्लेन स्वतःच फोनवर बोलत बसली होती. तिची सात वर्षांची मुलगी नोएमी दारात नुसत्या मोज्यांवर उभी होती. आई म्हणते म्हणजे सांगितलं असेल, आपणच विसरलो असू, असं तिला वाटलं.

त्यानंतर पोरीचं जेवण तुटलं. पोट दुखतं म्हणायची. डॉक्टरांना काही सापडलं नाही. "नाटकं पुरे," जिस्लेन एकदा ओरडलीसुद्धा, आणि मग भांडी घासताना बराच वेळ नळ वाहता ठेवून उभी राहिली. खरं सांगायचं ती रोज ठरवायची आणि रोज टाळायची.

एका दुपारी शाळेतून बोलावणं आलं. नोएमीच्या बाई, मादाम द्वारों, मुलांना मनात काय चाललंय ते त्या भावनेचं नाव घेऊन सांगायला शिकवत होत्या.

"मी विचारलं, राग आलाय का? नाही म्हणाली. भीती? नाही. दुःख? थोडंसं. पण पोटात दगड आहे म्हणे, आणि त्याचं नाव या सगळ्यांत नाही. मग हळूच म्हणाली, आपल्यामुळे कुणाला लागलं तर त्याला काय म्हणतात?"

जिस्लेनने हातमोजे चुरगाळले.

"मी म्हटलं, अपराधी वाटणं. इतकी खूश झाली, जिस्लेन! नाव मिळालं ना. दिवसभर पुटपुटत होती. आजोबा, तिचे पेपेर, तिच्यामुळे पडले, असं तिच्या डोक्यात बसलंय. असं कुणी सांगितलं तिला?"

"मी," जिस्लेन म्हणाली.



शाळेतून मायलेकी आजोबांना भेटायला गाडीतून हॉस्पिटलला गेल्या. तिथे पोचल्यावर जिस्लेनने गाडी बंद केली, पण ती उतरली नाही.

"नोएमी, मीठ टाकायचं काम माझं होतं. तुला मी सांगितलंच नव्हतं. लुसेतमावशीसमोर मी खोटं बोलले."

"का?"

"घाबरले. सगळे मला बोलतील म्हणून."

नोएमी समोरच्या काचेकडे बघत राहिली. मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "आता तो दगड नाहीये. आता राग आहे. तुझा."

"येऊ दे."

"खूप आहे."

"येऊ दे, बाळा."

पोरगी दार आपटून उतरली आणि आईची वाट न बघता आत गेली. जिस्लेन खोलीपाशी पोचली तेव्हा आतून आवाज येत होता.

"पेपेर, मीठ आईने टाकायचं होतं!"

"माहीत आहे मला. मलाच म्हणाली होती ती, टाकते म्हणून."

"मग तुम्ही रागावलात?"

"रागावलो की. मग कंटाळा आला."

"मला अजून नाही आला कंटाळा."

"मग राहा रागावून. ते पुडिंग खाणार का? मला नाही आवडत ते."

चमचा वाजू लागला. जिस्लेन दारातच थांबली. आत जायचा तिला धीर होईना. तिने फोन काढला आणि लुसेतचा नंबर लावला.

"काय गं?" लुसेत म्हणाली. "पापा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मला तुला त्या सकाळचं काहीतरी सांगायचंय. मधे बोलू नकोस, नाहीतर मी पुन्हा गप्प बसेन."

लुसेत मधे बोललीच. जिस्लेनने तरीही सगळं सांगितलं.

घरी परतताना नोएमी मागच्या सीटवर बसली. आईशी ती त्या आठवड्यात फारशी बोलली नाही. जेवत मात्र होती.