झाडावर ठोकलेली पदकं

शस्त्रपूजेच्या कैलपोळ्द सणाला दोन दिवस उरले होते, आणि आप्पांची पेटी जागेवर नव्हती.

मुद्दय्याने माळा उपसला, मिऱ्याची पोती उलथीपालथी केली, विहिरीत गळ टाकून पाहिला. पेटीत होती बर्मातल्या लढाईत त्याच्या दिवंगत वडिलांनी, आप्पांनी, मिळवलेली पाच पदकं आणि चांदीच्या मुठीचा खंजीर. स्वतः पलटणीतून निवृत्त झालेल्या हवालदार मुद्दय्याला तेवढीच काय ती दौलत.

"धाकट्या भावजींना विचारलंत?" बायको बोळ्ळव्वा म्हणाली.

"चिट्टियप्पाला? आप्पांनी त्याला पेटीला बोट लावू दिलं नाही कधी."

"म्हणूनच म्हणते."

तेवढ्यात कॉफीच्या मळ्यातून बार ऐकू आला. सणाआधी गावभर बंदुका तपासल्या जातात, कोण लक्ष देतो? पण हे बार मोजून मापून होत होते. नेम धरून कुणीतरी काहीतरी टिपत होतं. मुद्दय्या धावला.

सिल्व्हर ओकच्या बुंध्यावर पाच खिळे. तीन रिकामे, दोन पदकं अजून लटकलेली. समोर चिट्टियप्पा, हातात बंदूक, कमरेला आप्पांचा खंजीर.

"ये अण्णा! पळपुटा म्हणायचा ना म्हातारा? बघ नेम. तिन्ही एकेका बारात!"

तीस वर्षांपूर्वी तो पलटणीतून पळून आला होता. त्यानंतर आप्पा मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नव्हते.

मुद्दय्या झाडाला पाठ लावून उभा राहिला. "मार. आधी मला मार."

भाऊ मारणार नाही, अशी त्याची खात्री होती. चिट्टियप्पाने चाप ओढला.

छर्ऱ्यांनी खांदा फोडला. मुद्दय्या रानडुकरासारखा धावून गेला, बंदूक हिसकावली आणि दस्ता तोंडावर घातला. दात तुटल्याचा आवाज त्याने ऐकला, तरी पुन्हा घातला. चिट्टियप्पाने त्याचा गळा आवळला. मुद्दय्याच्या हाताला खंजिराची मूठ लागली. त्याने भावाचा उजवा पंजा झाडाच्या मुळावर दाबून धरला आणि पातं आरपार घुसवलं. मग ते उपसून गळ्याकडे नेलं, तोच पाठीत ओंडका बसला.

"बस्स!" बोळ्ळव्वा ओरडली. "फासावर गेलात तर ती पदकं छातीवर कोण लावणार, मी?"

दवाखान्याकडे निघालेल्या जीपमध्ये दोघे रक्तात शेजारी शेजारी पडले. "एकदा तरी ती पेटी हातात द्यायची होती रे आप्पांनी," चिट्टियप्पा फुटक्या तोंडाने म्हणाला.

पोलिसाला एकाने सांगितलं, साफ करताना बंदूक उडाली. दुसऱ्याने सांगितलं, कोयता निसटला. पोलिसाने दोन्ही लिहून घेतलं, विश्वास कशावरच ठेवला नाही.

सण तसाच गेला. हात गळ्यात बांधून मुद्दय्या पाचोळा चाळत राहिला. उडालेल्या तिन्हींपैकी दोन पदकं सापडली, चेपलेली. शौर्याचं मिळेना. आठव्या दिवशी चिट्टियप्पा आला. बसला आणि डाव्या हाताने पानं उकरू लागला.

मुद्दय्या थोडा बाजूला सरकला.

"तिथलं मी बघितलंय," तो म्हणाला. "पलीकडे बघ."

अंधार पडेपर्यंत दोघे शोधत होते. ते पदक पुढेही कधी सापडलं नाही.